नृसिंहवाडीला पहिल्यांदा: पादुका, दक्षिणद्वार, कळस नसलेलं देऊळ आणि पोथी (माहिती हवी आहे)

पायरी_पायरी

श्रावणात नरसोबाच्या वाडीला पहिल्यांदाच जायचं आहे. बरोबर दोन वयस्कर माणसं आहेत, त्यांना फार पायऱ्या झेपत नाहीत. नेटवर शोधलं तर एकाच लेखाची पन्नास रूपं मिळतात, तीही अर्धवट. जाणकारांनी सांगावं:

१. दक्षिणद्वार सोहळा ठरावीक तिथीला असतो का? तारीख कशी कळते?
२. गाभाऱ्यात दत्ताची मूर्ती नाही, नुसत्या पादुका आहेत असं ऐकलं. मग अभिषेक कशावर होतो?
३. देवळाला कळस नाही तो का? कुणी म्हणतं बादशहाने बांधलं म्हणून, कुणी म्हणतं तो बादशहा बिदरचा आणि ती गोष्ट गुरुचरित्रातच आहे. खरं काय?
४. गुरुवार आहे म्हणून पिवळं वस्त्र आणि हरभऱ्याची डाळ न्यावी का?
५. तिथे बसून गुरुचरित्र वाचायचं तर एका दिवसात काय होण्यासारखं आहे?

---

कृष्णाकाठ

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: वाडीला वेळापत्रक नदीचं असतं. हे एकदा ध्यानात घेतलं की बाकी सगळं सोपं जातं.

देऊळ कृष्णेच्या घाटावर अगदी खाली आहे आणि पंचगंगेचा संगम तिथेच आहे. दत्ताचे अवतार मानलेल्या श्रीनृसिंहसरस्वतींचा (पोथीतले ‘श्रीगुरू’ ते हेच) इथे बारा वर्षं मुक्काम होता. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे गुरुद्वादशीला, ते गाणगापूरला निघाले तेव्हा औदुंबराखाली पादुका ठेवून गेले, त्याच मनोहर पादुका. मुख्य उपासना त्यांचीच. अभिषेक, महापूजा, सगळं त्या दगडी पादुकांवर होतं. उत्सवमूर्ती वेगळी आहे, ती पालखीत आणि उत्सवात असते. पूर आला की खरी तिची गाठ पडते, ते पुढे सांगतो.

दक्षिणद्वाराला तिथी नाही. कृष्णेचं पाणी चढत चढत उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करायचं, तोच दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढताना होतो तो चढता, ओसरताना होतो तो उतरता. पुण्य दोन्हीला सारखंच मानतात, त्यामुळे चढता हुकला म्हणून हळहळू नका. एखाद्या वर्षी हा योग अनेकदा येतो, पावसाने ओढ दिली तर वाट पाहावी लागते.

तारीख कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. त्यासाठी वाडीतला पाऊस बघू नका. वर कोयना, वारणा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात काय चाललंय ते बघा. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला, पंचगंगा वाडीत. कोयनेतून सोडलेलं पाणी इथवर यायला दिवसभर तरी घेतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी पंचगंगेतून येतं. आणि पंचगंगा भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुग येते. म्हणून वाडीत टिपूस नसताना घाटावर पाणी चढलेलं दिसतं आणि नवखा माणूस चक्रावतो. बातम्यांत आयर्विन पुलाची पातळी देतात (सांगलीत इशारा ४० फूट, धोका ४५) आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची (इशारा ३९, धोका ४३). ती शहरांची मापं आहेत. वाडीचा घाट त्याच्या आधीच पाण्याखाली जातो.

दोन चुका हमखास होतात. एक, बातमी वाचून लोक दुसऱ्या दिवशी निघतात. पाणी झपाट्याने वाढत असेल तर स्नानाचा अवधी काही तासांचाच असतो. पोहोचेपर्यंत दारच बुडालेलं असतं. दुसरी चूक जिवावरची: शेजारी कोरडी दिसते म्हणून दुसऱ्याच पायरीवरून उतरणं. पुराच्या पाण्याखाली पायरी दिसत नाही, शेवाळ आणि गाळ असतो आणि ओढ कडेलाही जोराची असते. सेवेकरी सांगतील तिथेच उभं राहायचं. तुमच्या बरोबरच्या वयस्कर मंडळींनी हे स्नान करूच नये असं माझं स्पष्ट मत. कुणीतरी वर आणून दिलेलं पाणी डोळ्यांना लावलं तरी पुरे.

पाणी पादुकांवर आलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्यपूजा तिथे चालू राहते. पूजेत खंड नसतो, जागा बदलते. २००५, २०१९, २०२१ सारख्या महापुरात मात्र गावच पाण्यात असतं, तेव्हा प्रवासच करायचा नाही. पाणी उतरल्यावरही लगेच पादुकांचं दर्शन मिळेलच असं नाही. आधी गाळ काढतात, धुऊन काढतात, मग खालची पूजा सुरू होते.

नेहमीचा दिनक्रम: पहाटे काकड आरती, सकाळी भाविकांचे पंचामृत अभिषेक, दुपारी बाराच्या पुढे महापूजा, तीनच्या सुमारास पवमान सूक्ताचं पठण, संध्याकाळी धूपारती, मग पालखी, रात्री दहाच्या आसपास शेजारती. अभिषेक करायचा तर पावती दत्त देव संस्थानच्या कार्यालयात आदल्या दिवशीच करा. संकल्पासाठी नाव, गोत्र, नक्षत्र लिहून न्या. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगायची रीत आहे, अडून बसू नका. पुरुषांना सोवळं लागतं, ते घरून न्या. वेळेला धावाधाव होते ती नेमकी याचसाठी.

एक गोष्ट नक्की विचारून घ्या: पालखी. सुरेल पदं म्हणत, थांबत थांबत तिच्या तीन प्रदक्षिणा होतात आणि ती ऐकायला लोक लांबून येतात. पण तुम्ही चातुर्मासात जाताय, त्या दिवशी पालखी आहे का हे संस्थानात विचारूनच मुक्काम ठरवा.

---

रुळावरचा

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. रेल्वेचं तिकीट काढताना ‘वाडी’ स्टेशन निवडू नका. ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, नरसोबाची वाडी नव्हे. तुम्हाला उतरायचंय मिरज किंवा जयसिंगपूरला. जयसिंगपूरहून साधारण १५ किलोमीटर, सांगलीहून २० च्या आसपास, कोल्हापूरहून ४५-५०. गंमत म्हणजे ते दुसरं वाडी स्टेशन गाणगापूरच्याच मार्गावर आहे, त्यामुळे दत्तभक्तांचा घोटाळा हमखास होतो.

---

पोथीतलं_पोथीत

तिसऱ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे, ती सोडवू.

गुरुचरित्रातला बादशहा बिदरचा. पन्नासाव्या अध्यायात त्याच्या मांडीला फोड येतो, वैद्यांचं काही चालत नाही आणि तो श्रीगुरूंना शोधत गाणगापूरला येतो. हा मागच्या जन्मीचा कुरवपूरचा रजक. नवव्या अध्यायात तो श्रीगुरूंच्या आधीच्या अवताराचे, श्रीपाद श्रीवल्लभांचे, कपडे धूत असे आणि नदीत राजाचा थाटमाट बघून त्याच्या मनात राज्याची इच्छा आली. नववा आणि पन्नासावा हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, मध्ये चाळीस अध्याय. म्हणूनच वाचणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही.

वाडीच्या देवळाचा बादशहा विजापूरचा आदिलशहा. त्याच्या मुलीची गेलेली दृष्टी इथे परत आली, म्हणून त्याने देऊळ बांधलं आणि औरवाड, गौरवाड ही गावं इनाम दिली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. ही पोथीत नाही. माथ्यावर नेहमीचं शिखर-कळस नाही याचं कारण लोक या कथेत सांगतात. कुणी ‘गुरुचरित्रात लिहिलंय’ म्हणून सांगू लागला तर अध्याय विचारा.

वाडीचं पोथीतलं वर्णन मुख्यतः अठरा आणि एकोणीस या दोन अध्यायांत आहे. अठराव्यात पंचगंगेच्या पाच नद्या नावानिशी येतात: शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी, सरस्वती. मग शुक्लतीर्थ, पापविनाशी, काम्यतीर्थ, सिद्धवरद अशी तीर्थांची मालिका आणि अमरापूर. नदीपलीकडचं औरवाड तेच अमरापूर, अमरेश्वराचं देऊळ तिथे आहे. देऊळ पाहून लोक घाटावरूनच परत फिरतात, पलीकडे कुणी जात नाही. जायला हवं, कारण पोथीतला अर्धा भूगोल त्या काठावर आहे.

घेवड्याच्या वेलाची गोष्टही तिथलीच. गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षा मिळाली नाही की त्या दिवशी दारच्या वेलाच्या शेंगा शिजवून पोट भरायचं. श्रीगुरूंना त्याच शेंगांची भिक्षा घातली. निघताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला. बाई रडू लागली, नवऱ्याने तिची समजूत घातली आणि वेलाचं मूळ काढायला खणताना द्रव्याने भरलेला घट लागला. कर्ज-दारिद्र्यासाठी अठरावा अध्याय वाचतात तो याचमुळे. सगळे घट सापडण्यावर बोलतात, पण गोष्टीचं मर्म त्या नवऱ्याच्या बोलण्यात आहे. हाती काही नसताना तो गुरूला बोल लावत नाही.

एकोणिसाव्यात औदुंबराचं माहात्म्य आणि चौसष्ट योगिनी. रोज मध्यान्ही त्या श्रीगुरूंना पलीकडे नेऊन पूजा करत आणि पाणी दुभंगून वाट होई. गंगानुज नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि मागोमाग गेला. इथल्या पूजेची पहिली जबाबदारी आलास गावच्या भैरंभटांकडे आली आणि त्यांच्या वंशाकडे चालू राहिली, असं परंपरा सांगते.

चौथ्या प्रश्नाबद्दल: पिवळं वस्त्र आणि हरभऱ्याची डाळ ही बृहस्पतीची, म्हणजे गुरू ग्रहाची सामग्री. तमिळनाडूत आलंगुडीला दक्षिणामूर्तीला (शिवाच्या गुरुरूपाला) गुरू ग्रहाच्या नात्याने पूजतात, तिथे पिवळं वस्त्र आणि हरभऱ्यांच्या माळा वाहणं रीतीला धरून आहे. वाडीचा गुरू ग्रह नाही, दत्तगुरू आहे. डाळ नेलीत म्हणून कुणी हाकलणार नाही, पण तिचं तिथे काही कामही नाही. वार एक असल्यामुळे ही सरमिसळ झाली आहे.

दोन्हींचा खरा सांधा एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे कन्यागत. गुरू ग्रह कन्या राशीत येतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीला येते असं मानतात आणि वाडीला महापर्वकाळ होतो, बारा वर्षांनी एकदा. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ ला. नाशिकचा सिंहस्थ सिंह राशीचा, त्याच्या पाठोपाठ हा येतो.

---

पायरी_पायरी

वा! ‘वाडी’ स्टेशनचं तिकीट खरंच काढणार होतो, वाचलो.

पाचवा प्रश्न राहिलाच. घरी पूजेसाठी लहान दगडी पादुका आणायच्याही मनात आहे. पंचामृताने अभिषेक केल्यावर दगड तेलकट, काळपट होतो असं ऐकलंय. आणि औदुंबर, वाडी, गाणगापूर तिन्ही एका फेरीत करावं का?

---

सात_दिवस

पोथीबद्दल सांगतो.

एका दिवसात संपूर्ण गुरुचरित्र करायचा हट्ट नको. सात हजारांच्या वर ओव्या आहेत. मिनिटाला सहा-सात ओव्या हा बरा वेग धरला तरी हजार ओव्यांना अडीच-तीन तास लागतात. सप्ताहात रोजचा वाटा साधारण तेवढाच येतो. एका दिवसात उरकायचं म्हटलं तर शेवटचे अध्याय नुसते ओठ हलवून होतात. त्यापेक्षा वाडीत बसून सतरा ते एकवीस वाचा. सतरावा भिलवडीच्या भुवनेश्वरीचा, अठरा-एकोणीस वर सांगितलेच, वीस-एकवीस शिरोळच्या बाईच्या मेलेल्या मुलाची कथा. पाचही अध्याय याच कृष्णाकाठचे आहेत. एकच वाचायचा तर चौदावा, सायंदेवाचा. नित्यपाठाला लोक तोच धरतात.

घरी सप्ताह करायचा असेल तर रूढ विभागणी अशी: पहिल्या दिवशी १ ते ९, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या ३५, पाचव्या ३८, सहाव्या ४३ आणि सातव्या दिवशी उरलेले. पाचव्या दिवशी तीनच अध्याय बघून कुणाला वाटतं सुट्टीचा दिवस आहे. फसू नका. छत्तिसावा हा आचारधर्माचा अध्याय एकटाच इतका लांब आहे की त्याच दिवशी सगळ्यात जास्त दम लागतो. त्या दिवशी तासभर आधी बसा. तीन दिवसांचं पारायण असेल तर २४, ३७ आणि शेवटपर्यंत.

घोळ होतो तो प्रतींमुळे. काही प्रतींत ५१ अध्याय आहेत, काहींत ५२ आणि त्रेपन्नावी अवतरणिका. मोबाइलवर आलेला विभागणीचा कागद दुसऱ्या प्रतीचा असला की सातव्या दिवशी आकडे जुळत नाहीत आणि ‘माझा एक अध्याय राहिला’ म्हणून धसका बसतो. बसण्याआधी आपल्या प्रतीची अनुक्रमणिका उघडून सात ठिकाणी खुणेचे कागद घालून ठेवा.

दत्तजयंतीला समाप्ती करायची असेल तर मार्गशीर्ष पौर्णिमा सातवा दिवस धरून मागे दिवस मोजा, तिथ्या मोजू नका. मधे क्षय तिथी (पंचांगात गळलेली तिथी) आली तर तिथीने मोजणाऱ्याला एक दिवस कमी पडतो आणि दोन दिवसांचं वाचन एका दिवशी कोंबावं लागतं.

नियम थोडेच, पण पाळण्याचे: पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड, आसन आणि वेळ सातही दिवस तीच, वाचन चालू असेतो दिवा तेवता, एकवेळ हविष्यान्न (साधं सात्त्विक जेवण), निजायला चटई किंवा घोंगडी. मधे उठायचं नाही, म्हणून पाणी आधी पिऊन घ्या. मध्यान्हीची वेळ श्रीगुरूंच्या भिक्षेची, तेव्हा वाचन थांबवून नैवेद्य दाखवायचा. मधुमेहाच्या माणसाने एकवेळ जेवणाच्या नादी लागू नये. दूध, फळं, लागलंच तर भात खाऊन औषध वेळेवर घ्यावं. व्रत मोडेल या भीतीने गोळ्या चुकवणारे असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

माजघर

@सात_दिवस, सगळं बरोबर, पण एक मुद्दा तुम्ही वगळलात आणि तोच घराघरात अडतो: बायकांनी वाचावं का? टेंबेस्वामींच्या, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींच्या (जन्म माणगाव १८५४, समाधी गरुडेश्वर १९१४) परंपरेत मूळ पोथी बायकांनी वाचू नये असं सांगतात. त्याच स्वामींनी ‘सप्तशती गुरुचरित्रसार’ लिहिलं, ते परंपरा काटेकोर पाळणाऱ्या घरांतही बायका वाचतात. दुसरीकडे आज कितीतरी ठिकाणी बायका मूळ पोथीचे सामुदायिक सप्ताह करतात. आपल्या घरची आणि गुरूंची परंपरा काय ते बघून ठरवावं. दुसरीच्या हातातली पोथी काढून घेण्याचा अधिकार कुणाला नाही, एवढं माझं मत.

---

मधुकरी

घरच्या पादुकांचं सांगते. दगड खराब होतो तो पंचामृताने नाही, पंचामृत नीट न धुतल्याने.

लहान पादुकांना लागतं किती? दूध पाव वाटी, दही दोन चमचे, तूप अर्धा चमचा, मध एक चमचा, साखर एक चमचा. क्रम हाच आणि प्रत्येक पदार्थानंतर शुद्ध पाण्याची धार. बहुतेक जण पाचही एकत्र कालवून ओततात आणि शेवटी एकदाच पाणी घालतात. मग तूप दगडाच्या बारीक छिद्रांत बसतं, त्यावर साखर आणि मध चिकटतो. आठवड्याभरात मुंग्या, पंधरवड्यात काळा थर.

तुपानंतरचं पाणी कोमट घ्या. गार पाण्याने तूप थिजतं आणि बोटांच्या खाचांत पांढरं दिसतं. साखर पिठीसाखरेसारखी बारीक नको, जाडसर हवी. हलक्या हाताने ती फिरवली की तुपाचा ओशटपणा तीच ओढून घेते, आणि तिचा क्रम शेवटी आहे हे त्या दृष्टीनेही सोयीचंच. शेवटी भरपूर कोमट पाणी, मग मऊ सुती कापडाने टिपा आणि तासभर उघड्यावर वाळू द्या. ओल्या पादुका लगेच मखमलीवर ठेवल्या की खालून बुरशी धरते. गंध वाळल्यावरच लावा.

ताम्हन तांब्याचं असेल तर पंचामृत त्यात साठवून ठेवू नका. दूध-दही तांब्यात राहिलं की कळकतं, हिरवट होतं आणि तेच आपण तीर्थ म्हणून घेतो! अभिषेकाला ताम्हन चालेल, पण तीर्थ लगेच चांदीच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढा. रोज पंचामृत करायची गरज नाही. रोज पाणी आणि गंध, गुरुवारी किंवा पौर्णिमेला पंचामृत, इतकं पुरतं.

आधीच काळ्या झालेल्या पादुकांना लिंबू किंवा पितांबरी लावू नका. आम्लाने दगड खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी आणखी घाण धरतो. डाळीचं पीठ आणि कोमट पाणी, मऊ ब्रश, चार-पाच दिवस थोडं थोडं.

तीन क्षेत्रांबद्दल: एका फेरीत होतात, पण वयस्कर माणसं बरोबर असताना औदुंबर आणि वाडी एकदा, गाणगापूर वेगळं करा. क्रम श्रीगुरूंच्या मुक्कामाचाच ठेवतात. आधी औदुंबर, तिथे एक चातुर्मास, विमल पादुका. मग वाडी, बारा वर्षं, मनोहर पादुका. मग गाणगापूर, वीस वर्षांच्या वर, निर्गुण पादुका. औदुंबर सांगली जिल्ह्यात, भिलवडीजवळ, आणि कृष्णेपलीकडे भुवनेश्वरी. तिचं दर्शन घेतल्याशिवाय सतरावा अध्याय पुरता कळत नाही.

गाणगापूरला वाडीची सवय घेऊन जाऊ नका. तिथल्या निर्गुण पादुकांना पाण्याचा स्पर्श नाही, केशर आणि अष्टगंधाचं लेपन होतं. त्यामुळे ‘आमच्याकडचं कृष्णेचं पाणी पादुकांवर घाला’ असं पुजाऱ्यांना सांगणं फुकट. दर्शनही लहान झरोक्यातून असतं. उंचीने कमी असलेल्यांना आणि वाकलेल्या माणसांना पुढच्याने जागा करून द्यावी लागते. दुपारी मधुकरी: पाच घरी मागायची, आणि जमेल त्याने घालायचीही. दत्त कुठल्याही वेशात येईल या समजुतीने तिथे कुणाला विन्मुख पाठवत नाहीत. मागायची लाज वाटते म्हणून कित्येक जण नुसते वाढतात. मागण्यातच तर खरी मेख आहे, तिथे बड्याबड्यांची मान खाली येते.

आरतीच्या वेळी काही माणसं घुमतात, ओरडतात. ‘बाधा’ उतरवायला आणलेली असतात. वयस्कर मंडळींना आधी कल्पना द्या म्हणजे दचकणार नाहीत. फोटो-व्हिडिओ काढू नका, आजारी माणसाचा तमाशा होतो. आणि अशा माणसाला घेऊन कुणी जाणार असेल तर डॉक्टरांची औषधं चालू ठेवूनच न्यावं.

---

कृष्णाकाठ

पायऱ्यांचं राहिलंच. पादुकांपाशी जायचं तर घाट उतरावाच लागतो. श्रावणात दगड ओला असतो, म्हणून वयस्करांना पहाटे न्यायची घाई नको. उजाडल्यावर, महापूजेच्या गर्दीच्या आधी न्या. चपला वरच सोडायच्या आहेत तेव्हा मोजे घालू नका, ओल्या दगडावर मोजा सटकतो. एक माणूस पुढे आणि एक बाजूला, मागे नाही. घसरणारा माणूस पुढे जातो. पाणी वर आलेलं असेल तर उतरायचा प्रश्नच मिटला, उत्सवमूर्तीचं दर्शन वरच आहे.

खाण्याचं: वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे. बासुंदी प्रवासात नेऊ नका, पावसाळी दमटपणात सांगलीच्या पुढे जाईतो आंबते. बर्फी टिकते. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर ती मात्र घ्याच.

---

अठरा_अक्षरं

सगळ्यांचं झालं, एक बारीकशी दुरुस्ती, कारण घाटावर हे चुकीचं म्हटलेलं कानावर येतं. ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ असं आहे. ‘श्रीपाद श्रीवल्लभ’ नाही. अवताराचं नाव श्रीपाद श्रीवल्लभ हे खरं, पण टेंबेस्वामींनी दिलेला हा मंत्र अठरा अक्षरांचा आहे: चार, चार, सहा, चार. मधे ‘श्री’ घुसवला की एकोणीस होतात आणि टाळीही चुकते. बोटांवर मोजून बघा.

---

पायरी_पायरी

मोजलं. घरात सगळे एकोणीसच म्हणत होतो.

संस्थानात फोन करून पालखीचं विचारतो आणि अभिषेकाची पावती आदल्या दिवशी करतो. सतरा ते एकवीसला खुणेचे कागद आत्ताच घातले.